खरवडलेली नोंद

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या हवामान केंद्राचे संचालक महोदय. व्यासपीठावर उपस्थित असलेले बंदर अधिकारी आणि मच्छीमार संघाच्या अध्यक्षा. सेवानिवृत्त ज्येष्ठ मंडळी, माझे सहकारी, बाईंचे यजमान आणि लेक-जावई. आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आमच्या नकाशाबाई, आपणा सर्वांना माझा आदरपूर्वक नमस्कार.

संचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. छत्तीस वर्षांच्या नोकरीला दहा मिनिटं! पण आमच्या खात्यात अख्ख्या महासागराचा अंदाज चार ओळींत बसवायची सवय असते, तेव्हा प्रयत्न करतो.

इथे बसलेल्या तरुण मुलामुलींना 'नकाशाबाई' हे नाव कशावरून पडलं ते कदाचित ठाऊक नसेल. तुमच्यासमोर पडद्यावर आज समुद्र आपोआप रंगतो. आमच्या वेळी तो बाई रंगवत. वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीखाली लांबलचक टेबल होतं. त्यावर या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंतचा महासागर पसरलेला असे, अगदी कोरा. बिनतारी खोलीतून जहाजांच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या येत आणि बाई दोन टाक घेऊन बसत, एक काळ्या शाईचा, एक लाल. जहाज जिथे असेल तिथे एक छोटं वर्तुळ, बाजूला वारा, तापमान, हवेचा दाब. तांदळाएवढ्या अक्षरात! दुपारच्या चहापर्यंत त्या कोऱ्या कागदावर समुद्र जागा झालेला असायचा. तो कागद बघण्यात जे सुख होतं ते मला पुढे कुठल्याच पडद्यानं दिलं नाही. हे म्हातारपणाचं लक्षण असेल तर असो.

बाई जहाजांना नातेवाइकांसारखं ओळखत. हे घाईत असतं, ते वारा नेहमी वाढवून सांगतं, अमक्यावरचा माणूस रविवारी आळस करतो. घरी मात्र या विद्येला कोणी विचारत नसे. बाईंच्या नणंदबाई रोज सकाळी फोन करायच्या, "वहिनी, कपडे बाहेर वाळत घालू का?" आणि बाई एवढा मोठा नकाशा समोर असताना मान वळवून खिडकीबाहेर बघून उत्तर द्यायच्या.

हसा, हसा. बाईसुद्धा हसताहेत. पण आता मला जे सांगायचं आहे ते हसण्यासारखं नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी अंदाज विभागात नवा होतो, दोन वर्षं झालेली, आणि स्वतःवर जरा जास्तच विश्वास. वादळांचा मोसम संपत आला होता. सकाळचं हवामानाचं बातमीपत्र तयार व्हायचं होतं. उपग्रहाचं चित्र दिवसातून दोनदाच यायचं, तेही धुरकट. त्यात मध्य समुद्रावर ढगांचा एक वेडावाकडा पुंजका होता, त्याला ना आकार ना वळण. आजूबाजूच्या दोन जहाजांचे आकडे नेहमीचे होते. आणि त्या दोघांच्या मधे लाकूड वाहणारं एक जुनं मालवाहू जहाज दाब सांगत होतं चक्क सात मिलिबार कमी.

मी म्हणालो, हा आकडा चुकलाय, काढून टाका. शाईची नोंद असल्यामुळे आम्ही ती ब्लेडनं खरवडून काढत असू. बाई हलल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या उष्ण समुद्रांवर हवेचा दाब रोज दोनदा थोडा चढतो आणि दोनदा उतरतो. आळशी माणूस आकडा अंदाजानं लिहितो, त्यात हा चढउतार दिसत नाही. या जहाजावरच्या माणसाच्या आकड्यांत सहा वर्षं तो रोजच्या रोज दिसतो. हा माणूस खरंच यंत्र वाचून लिहितो. मी घड्याळ बघत होतो. बंदरावरून दोनदा फोन येऊन गेला होता. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा बाईंनी ब्लेड माझ्यासमोर ठेवलं.

"काढायचाच असेल तर तुम्ही काढा, साहेब. माझ्या हातानं नाही."

मंडळी, तो आकडा मी काढला. या हातानं. आणि बातमीपत्रात सही करून लिहिलं, की येत्या अठ्ठेचाळीस तासांत कुठेही वादळ निर्माण होण्याची शक्यता नाही.

मी जेवायला गेलो. बाई गेल्या नाहीत. त्या बिनतारी खोलीत जाऊन बसल्या आणि त्या जहाजाला पुन्हा विचारा म्हणून तिथल्या माणसाच्या मागे लागल्या. तीन तासांनी उत्तर आलं. दाब आणखी चारनं उतरला होता, वारा फिरला होता, लाटा डेकवर येत होत्या, आणि शेवटी लिहिलं होतं, "आमचं यंत्र ठीक आहे. आमचं काही खरं नाही." बाईंनी ती चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली आणि नकाशावर त्याच जागी, खरवडून पातळ झालेल्या कागदावर, सकाळचा आकडा परत लिहिला.

चार वाजता आम्ही इशारा दिला. बहुतेक नावा माघारी वळल्या. एक मात्र सकाळच्या माझ्या सहीवर विसंबून फार लांब गेली होती. पाच माणसं. ती चौथ्या दिवशी सापडली, उलटलेल्या नावेला धरून. पाचही जण जिवंत होते. त्यांतल्या एकाचा उजवा हात पुढे कधी वर उचलला गेला नाही. दुपारी इशारा गेला नसता तर आणखी किती नावा तिथे असत्या, हा हिशेब मी करत बसत नाही. करवत नाही.

चौकशी झाली. समितीसमोर तो नकाशा होता. नोंद खरवडलेली का आणि पुन्हा लिहिलेली का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, "खरवडली गेली होती. पुन्हा लिहिली." कोणी खरवडली ते त्यांनी सांगितलं नाही. समितीनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. सकाळच्या चुकलेल्या अंदाजाचा दोष त्या खाडाखोडीवर गेला आणि बाईंच्या सेवापुस्तकात शेरा पडला, कामात निष्काळजीपणा. नकाशाकक्षाचं प्रमुखपद त्यांना मिळायचं होतं, ते अकरा वर्षं लांबलं. आणि वादळ वेळेत ओळखल्याबद्दल प्रशंसापत्र मला मिळालं.

मी दुसऱ्या दिवशी वर गेलो. बाई टाक धूत होत्या. आणि मी, आजही सांगताना लाज वाटते, त्यांनाच म्हणालो, "बाई, तुम्ही सांगायला हवं होतं."

त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

एवढंच. नंतर सत्तावीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी काम केलं. माझ्या मुलीच्या आजारपणात त्यांनी माझ्या वाट्याचंही काम ओढलं, आम्ही एकत्र चहा प्यायलो, भांडलो, असंख्य वादळं पाहिली. हा विषय त्यांनी काढला नाही आणि मला तोंड नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी संचालकांना सगळं लेखी दिलं. त्यांनी तो शेरा रद्द करण्याचा आदेश काढला, त्याबद्दल त्यांचे आभार. माझ्याबाबत ते जो निर्णय घेतील तो मला मान्य आहे. आज सकाळी मी त्या पत्राची प्रत बाईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं आणि म्हणाल्या, तारीख चुकलीय, सतरा नाही, सोळा. मी तिथेच दुरुस्त केली. मग कागद माझ्याकडे परत देत म्हणाल्या, "हे मला कशाला देता? मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

म्हणून सांगितलं.

बाईंचे यजमान मान खाली घालून बसलेत. त्यांना घरीही हे ठाऊक नव्हतं, असं दिसतंय. दादा, तो शेरा तुमच्या घरात इतकी वर्षं राहिला. तो माझा होता.

आयोजकांचे आभार, ही खुर्च्या-माइकची व्यवस्था करणाऱ्या मंडळींचे आभार, आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. नावं घेण्यात, मान देण्यात काही कमीजास्त झालं असेल, दहा मिनिटांची तर केव्हाच पंधरा झाली आहेत, त्याबद्दल या सभागृहानं मला क्षमा करावी. बाकी जे आहे त्याची क्षमा सभागृहानं करायची नाही. ज्यांनी करायची त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि त्यांना आज कसलीही घाई नाही.

नमस्कार.