दोन पावलांची जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा समितीचे प्रमुख माननीय विष्णुपंत देवस्थळी, मुख्याध्यापक पाटकर सर, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षकवृंद, पालक, विद्यार्थी मित्रमैत्रिणी, आणि ज्यांच्या सेवानिवृत्तीनिमित्त आपण सगळे जमलो आहोत त्या आमच्या चित्रकलेच्या टिपणीसबाई, सर्वांना माझा नमस्कार.

मी उमा शेजवळ. याच शाळेतून १९८९ साली दहावी झाले. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि गेली चार वर्षं अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात काम करते. आज शुक्रवार आहे. आमच्या कंपनीला सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून मी येऊ शकले. एवढं लक्षात असू द्यावं, पुढे लागणार आहे.

बाईंच्या रविवारच्या कार्यशाळेबद्दल माझ्याआधी बरेच जण बोलले. ती सोळा वर्षं चालली, मुलांनी बक्षिसं आणली, सगळं खरं आहे. पण सामान कुठून यायचं, हे कोणी सांगितलं नाही. बाई आम्हा चौघी-पाच जणींना घेऊन उल्हासनगरला कापडाच्या दुकानांत जायच्या आणि ताग्यांच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या मागायच्या. एक सिंधी शेठ म्हणाले होते, "मॅडम, लोग कपडा लेने आते हैं. आप पहली हो जो पुठ्ठा मांग रही हो." बाई म्हणाल्या, "तो कपडा भी दे दो." शेठना हसू आलं आणि आम्हाला दोन पोती चिंध्या मिळाल्या. त्यातून आमचे मुखवटे झाले.

कार्यशाळेचा नियम एकच होता. चित्र पूर्ण झालं की कागद उलटा करायचा आणि मागे लिहायचं, काय राहिलं? बाई चित्रावर लाल पेन कधी चालवत नसत. काय राहिलं ते ज्याचं त्याने शोधायचं.

१९८५ च्या दिवाळीच्या सुट्टीत विषय होता, आपल्या घरातलं माणूस कामावर काय करतं. मी सातवीत होते. माझे वडील बबन शेजवळ पत्रा कापणाऱ्या प्रेसवर कामाला होते. मी ते यंत्र कधी पाहिलेलं नव्हतं. आठवडाभर जेवताना मी त्यांना मापं विचारत होते. ते घास हातात धरून सांगायचे, "इथपर्यंत. माझ्या खांद्याला लागतं बघ." मी उठून त्यांचा खांदा पट्टीने मोजायची. आई म्हणायची, "आधी जेवू दे त्यांना, मग शिंपीकाम कर."

चित्र मी प्रमाणात काढलं. एक रेघ हाताने मारली नाही. मागे लिहिलं, "काहीही राहिलेलं नाही." बाईंनी ते वाचलं आणि चित्र प्रदर्शनात दाराजवळ लावलं.

प्रदर्शन रविवारी होतं आणि वडिलांना रविवारी ड्यूटी. पहिली पाळी संपवून कामाच्या कपड्यांतच आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता शाबासकी.

म्हणाले, "उमे, झ्याक काढलंयस. पण मी कुठं उभा राहू? भिंतीत?"

झालं होतं असं, की कागद पुरेना म्हणून मी प्रेसची पुढची बाजू थेट भिंतीला टेकवली होती. यंत्र बिनचूक होतं. ते चालवायला माणसाला जागा नव्हती. आजूबाजूचे पालक हसले. मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं नाही.

बाईंनी शांतपणे एक कोरा कागद आणला आणि वडिलांपुढे पेन्सिल धरली. "बबनराव, किती जागा लागते ते काढून दाखवा."

"मला नाही जमायचं, बाई. मी मस्टरवर सही करतो तेवढीच."

"तुम्हाला माहीत तर आहे ना? मग झालं."

 वडिलांनी कागद जमिनीवर ठेवला, त्यावर बुटासकट उभे राहिले आणि वाकून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली. बाईंनी तो कागद माझ्या चित्राला जोडून टाकला. यंत्र वीतभर आणि पावलं खरीखुरी! मी ओरडले, "बाई, प्रमाण चुकलं!"

"मागे लिही," बाई म्हणाल्या.

मी जुनं वाक्य खोडलं आणि लिहिलं, "माणूस राहिला होता. आता प्रमाण चुकलं आहे." तो कागद माझ्याकडे आहे. आजही यंत्राची मांडणी काढायला घेतली की मी आधी दोन पावलं काढते. साहेब विचारतात, "मॅडम, यंत्र कधी काढणार?" मी सांगते, उरलेल्या जागेत.

आता कामाचं बोलते. मघाशी पाटकर सरांनी जाहीर केलं, की बाईंच्या जागी रविवारी येणारं कोणी नाही, तेव्हा जूनपासून कार्यशाळा बंद होईल आणि ती खोली संगणक वर्गाला जाईल. मागच्या आठवड्यात बाईंनी मला विचारलं होतं, "तू येशील का?" मी म्हणाले, विचार करून सांगते. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना ठाऊक आहे, की मला घाई चालत नाही.

विचार झाला आहे. रविवारी मला ड्यूटी असते, पण शुक्रवारी मी मोकळी असते. वर्ग शुक्रवारी, शाळा सुटल्यावर दोन तास घेता येईल. संगणक तेव्हा बंद असतील. माझ्यासारखीच शुक्रवारी सुट्टी असलेले कितीतरी वडील इथे बसले आहेत. रविवारच्या वर्गाला त्यांना कधी येता आलं नाही. आता त्यांनीही यावं. पहिल्या शुक्रवारी माझे वडील येतील. तिसऱ्या रांगेत बसले आहेत, त्यांना हे आत्ताच कळतं आहे.

अध्यक्षमहोदय, कार्यशाळेच्या सामानाच्या कपाटाची किल्ली आपल्या शिपाई गयाबाईंकडे असते. ती आज मला मिळावी, अशी विनंती आहे.

अध्यक्षांनी मान हलवली. तो होकार आहे असं मी धरते. गयाबाई, तुम्ही साक्षीदार.

बोलायची संधी दिलीत, शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांची आभारी आहे. कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, बोलण्यात कुठे कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. आणि बाई, हा माझ्या भाषणाचा कागद. मागची बाजू कोरी आहे. काय राहिलं, ते या वेळी तुम्ही लिहा.