हाताचं ऐकलं

मुग्धा : ही सही तुमचीच ना, माया?

माया : हाव मॅडम, माझीच.

मुग्धा : वर काय लिहिलंय ते वाचून केलीत? "क्रेन ऑपरेटरने वॉकीटॉकीवर दिलेली थांबण्याची सूचना पाळली नाही."

माया : वाचलं. खरंच आहे ते. सुपरवायझर श्रीधर सरांनी थांब म्हटलं, मी थांबली नाही.

मुग्धा : मला इथं सेफ्टी ऑफिसर म्हणून येऊन दोनच महिने झालेत. मला सगळं पहिल्यापासून विचारावं लागतं. मंगळवारी काय झालं, ते तुमच्या शब्दांत सांगा.

माया : मी वर क्रेनच्या केबिनमध्ये होती. खाली आनंदराव काका होते. हूक लावाचं, इशारा द्याचं काम त्यांचं. सत्तावीस वर्षं झाली, तेच करून राहिले. पाच टनाची पत्र्याची कॉइल उचलली होती, ट्रॉलीवर ठेवाची होती. ट्रॉलीच्या चाकाखाली लाकूड लावलेलं नव्हतं. श्रीधर सरांनी ते पाहिलं अन् वॉकीटॉकीवर थांब म्हणाले. मी खाली सोडली. ट्रॉली सरकली, कॉइल कलंडली, बाजूचं रॅक मोडलं. कोणाले लागलं नाही.

मुग्धा : श्रीधर कॉइलपासून किती लांब होते?

माया : चार पावलं.

मुग्धा : आणि त्यांचा आवाज तुम्हाला ऐकू आला होता.

माया : आला होता. माझं लक्ष नव्हतं.

मुग्धा : मी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सहा-सात वेळा पाहिलं. त्यात आवाज नाही, त्यामुळे नुसतं बघत बसले. तुमचं लक्ष पूर्ण होतं, माया. तुम्ही केबिनच्या काचेला टेकून आनंदरावांच्या उजव्या हाताकडे बघत होतात. तो हात "खाली घे" सांगत होता. हाताचे इशारे तर कंपनीनं मार्चमध्येच बंद केलेत. मग मी आधीचे दिवस काढून पाहिले. तिथंही तसंच. रोज.

माया : सवय आहे मॅडम. चार वर्षं आम्ही तसंच काम केलं.

मुग्धा : सवय तुमची असेल. त्यांची का सुटली नाही? वॉकीटॉकी त्यांच्या खांद्याला असतो, बटण दाबून ते बोलतातही. पण एकदाही, कुणाचं ऐकून, त्यांनी मान हलवलेली मला दिसली नाही. ऐकू येत नाही का त्यांना?

माया : हे तुम्ही कोणाजवळ बोलल्या काय?

मुग्धा : अजून नाही. आधी तुम्हाला बोलावलं.

माया : कमी येते. मशीन चालू असली की काहीच नाही. मले पण माहीत नव्हतं. इशाऱ्यावर काम होतं तोवर त्याची गरजच पडली नाही नं. नवीन साहेब आले, वॉकीटॉकी वाटले, अन् तिसऱ्याच दिवशी मी वरून म्हटलं, काका, मागं सरका, साखळी फिरून राहिली. ते तिथंच उभे. मी पुन्हा म्हटलं, तरी उभे. मंग मी क्रेन थांबवून खाली उतरली. म्हणाले, बॅटरी गेली असन. बॅटरी चालू होती. हिरवा दिवा मले दिसून राहिला होता, त्यांनाही दिसून राहिला होता. मी काही बोलली नाही. ते पण नाही.

मुग्धा : दरवर्षी कानाची तपासणी होते की इथं.

माया : होते. काचेच्या खोलीत बसवतात, कानाले लावून देतात, आवाज आला की बोट वर करा म्हणतात. तपासणारा पोरगा बटण दाबते तेव्हा त्याचा खांदा हालते. काका खांदा पाहून बोट वर करत. हे त्यांनी मले नंतर सांगितलं, एकदा डबा खाताना. हसत हसत सांगितलं. मी नाही हसली.

मुग्धा : आणि तुम्ही पाच महिने हे सांभाळलंत.

माया : सांभाळाचं काय. मी वॉकीटॉकीवर बोलाची, म्हणजे सरांना वाटाचं बोलून राहिली. अन् काकांचा हात पाहाची. मी सुट्टी टाकली की काका पण टाकत. जूनमध्ये बहिणीकडे कुहीले गेली तीन दिवस, तेव्हा वर विक्की होता. विक्की खाली पाहतच नाही, कानानंच काम करते. म्हणून मी काकांना तारखा आधी सांगून ठेवल्या. एवढंच. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

मुग्धा : पण तुम्ही कुणाला तरी सांगू शकला असता.

माया : काकांचं नाव कशी घेऊ? रिटायर व्हाले दोन वर्षं राहिली त्यांची. हूकवरून काढतील अन् गेटवर बसवतील, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. मी हाताच्या इशाऱ्यांचं मात्र सांगितलं होतं. मेच्या मिटिंगमध्ये हात वर करून उभी राहिली. म्हटलं, शेडमध्ये आवाज खूप आहे, वॉकीटॉकी असू द्या, पण इशारेही राहू द्या. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, नव्या गोष्टीले वेळ लागते. आठ दिवसांनी मिटिंगचा कागद बोर्डावर लागला. इंग्रजीत होता. श्रीधर सरांकडून वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं, कामगारांनी वॉकीटॉकीचं स्वागत केलं. त्याच्यानंतर मी मिटिंगमध्ये उभी राहिली नाही.

मुग्धा : तो कागद मी रुजू झाल्यावर वाचला होता. मला खरा वाटला.

माया : वाटनच. मॅडम, माझं एक ऐका. तुम्ही माझंच लिहा. मी खोटी सही नाही केली. थांब कोणीही म्हटलं, अगदी झाडूवालीनं म्हटलं, तरी क्रेन थांबवाची, हे मले पहिल्या दिवशी शिकवलं होतं. आवाज माझ्या कानात आला होता, साफ आला होता. पण पाच महिन्यांत मी वॉकीटॉकी ऐकणंच सोडून दिलं होतं. मी हाताचं ऐकलं. अन् त्या दिवशी हात चुकला. काकांनी चाक पाहिलं नव्हतं.

मुग्धा : पाहिलं नव्हतं, आणि त्यांना कुणी सांगितलेलंही ऐकू आलं नाही.

माया : हाव.

मुग्धा : मग मी फक्त तुमचं नाव कसं लिहू? उद्या तुम्ही निलंबित व्हाल, वर विक्की बसेल आणि खाली आनंदराव असतील.

माया : मंगळवारपासून मी तेच घोकून राहिली. मले वाटत होतं मी त्यांना वाचवून राहिली. श्रीधर सर त्या रॅकजवळ उभे होते. त्यांची मुलगी यंदा दहावीले आहे. जेवाले बसली की मले ते रॅक दिसते.

मुग्धा : मी आनंदरावांना बोलावून घेते. तुम्ही थांबता की जाता?

माया : थांबते. पण त्यांना असं वाटाले नको, की मी सांगितलं.

मुग्धा : मी सांगेन की मी रेकॉर्डिंग पाहिलं. ते खरंच आहे.

(दार वाजतं. आनंदराव आत येतात. त्यांचा आवाज खोलीच्या मानानं मोठा आहे.)

आनंदराव : येऊ काय मॅडम? श्रीधरनं पाठवलं मले.

मुग्धा : श्रीधरनं? मी तर अजून निरोपही दिला नव्हता. या, बसा.

आनंदराव : सकाळी शिफ्टले आलो तसा सिधा त्याच्याकडं गेलो. माया, तू काहून बसली येथं? बस, बस. तुह्यासमोरच सांगतो. मॅडम, मले ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. या पोरीचा काही दोष नाही. तिनं माह्या हाताचं ऐकलं.

माया : काका, तुम्ही काहून गेले?

आनंदराव : मंगळवारी तू ऑफिसात सही केली, तवा मी काचेच्या बाहेर उभा होतो. आत काय बोलून राहिले, काही समजलं नाही. पण तुह्या सहीनंतर साहेबानं कागद उचलला, अन् तुह्याकडं पाहिलंबी नाही. मले तवाच समजलं, काय लिहिलं असन ते. दोन दिवस घरी बायकोले सांगत होतो, आज सांगतो, उद्या सांगतो. आज सांगितलं.

मुग्धा : श्रीधर काय म्हणाले?

आनंदराव : मले बसवलं, चहा मागवला. मंग म्हणाला, मलेबी शक होता काका, पण विचाराची हिंमत झाली नाही. मी म्हटलं, माह्यामुळं तू मेला असता. तो म्हणाला, विचारलं असतं तर ही वेळच आली नसती. असे बसलो आम्ही दोघं, चहा थंडा होऊन गेला.

मुग्धा : आनंदराव, तुम्हाला आता हूकवर उभं राहता येणार नाही. आजपासून.

आनंदराव : समजते मले. गेटवर बसवा.

मुग्धा : गेटवरही नको. तिथं गाड्यांचे हॉर्न ऐकावे लागतात. आधी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, खांदा न बघता तपासायचं. आणि मी रिपोर्टात एक मागणी घालणार आहे. तिन्ही शेडमध्ये हाताचे इशारे परत सुरू करायचे, वॉकीटॉकीच्या जोडीला. दोन्ही जुळले नाहीत, तर क्रेन हलणार नाही. ते इशारे सगळ्यांना तुम्ही शिकवायचे. विक्कीलासुद्धा.

आनंदराव : विक्की शिकन काय?

माया : मी शिकवीन त्याले, तुम्ही नुसते उभे राहा.

आनंदराव : साहेब मानन काय, मॅडम?

मुग्धा : सांगता येत नाही. माया थांबल्या नाहीत हे लिहावं लागेल, तुम्ही लपवलं तेही. मेच्या मिटिंगमध्ये माया काय बोलल्या आणि कागदावर काय आलं, हेही लिहीन. त्यांना आवडणार नाही. पण खाली सही माझी असेल.

माया : मले ताकीद मिळन?

मुग्धा : मिळेल बहुतेक.

माया : मिळू द्या.

मुग्धा : मी हे मराठीत लिहिते, इंग्रजी मागाहून करीन. पहिला भाग झालाय, वाचून दाखवते. तुमच्या बोलण्यापेक्षा वेगळं काही आलं असेल तर तिथंच थांबवा. "मंगळवारी सकाळी शेड क्रमांक दोनमध्ये पाच टन वजनाची कॉइल उतरवताना..."

आनंदराव : मॅडम.

मुग्धा : बोला. काही चुकलं?

आनंदराव : नाही. तो कागद जरा खाली घ्या. तुमचं तोंड दिसून नाही राहिलं.