शिरक्यावरची साय

केसर : घेतलात ना वास? आता सांगा, कसला आला?

हरेश्वर : माडीचा.

केसर : नुसता माडीचा?

हरेश्वर : कडक माडीचा. दिवाळीत भरली ती शिमग्याला पण माडीच. एक पेला पोटात गेला तर माणूस विहीर कुठं न् वाट कुठं ते इसरंल. आन् मी सगळ्या चौलभर सांगत सुटलोय, आमच्या पिंपात शिरका होतोय म्हून.

केसर : दुसरं पिंप उघडू या?

हरेश्वर : उघडलं. तिसरं पण उघडलं. सगळी एका आईची लेकरं. तू जा, शाळंत जा.

केसर : आज रविवार आहे, बाबा.

हरेश्वर : मंग घरात जा. लोणच्याच्या कारखान्यावाल्या शेठचा टांगा रेवसहून निघाला आसंल. पिंपं त्याची हायत, ती न्यायला येतोय. मागल्या खेपेला मुंबईच्या धक्क्यावर आबकारीवाल्यांनी पिंप फोडलं न् आत माडी निघाली, तवा त्यानं दंड भरला. आज रिकामी पिंपं टांग्यात घालंल न् चालता होईल.

केसर : आणि मग?

हरेश्वर : मंग काय? माझ्या माडांच्या खोडांवर आबकारीनं आकडं घातलंत ते शिरक्यासाठी. माडी साठवायचा परवाना न्हाय माझ्याकडं. शेठनं पाठ फिरवली की शिरक्याचा परवाना पण गेला. मी गिरणीत, तू परळला आत्याकडं. आत्याच्या चाळीत शाळा न्हाय, नळ हाय. त्यावर रांग लावायची.

केसर : मी नाही जायची परळला.

हरेश्वर : तुला इचारतंय कोण?

केसर : मीच विचारतेय मला. आणि मी नाही म्हणाले. बाबा, ही पिंपं बुजवली कोणी?

हरेश्वर : तुकारामनं. त्याच्यासारखा होड्यांच्या फटी बुजवणारा रेवदंड्याच्या बंदरात दुसरा न्हाय. पहिला फेस जिरला तसा मीच त्याला बोलावला. पिंपं जुनी, फळ्यांत फटी. त्यानं फटीफटीत काथ्या ठोकला, वर राळ-तेल दिलं, झाकणं पण तशीच बसवली. म्हनला, हरेश्वर, ही पिंपं दर्यात सोड, झांजिबारला लागतील. थेंब आत जाणार न्हाय.

केसर : थेंब गेला नाही. वाराही गेला नाही.

हरेश्वर : वारा कशाला जायला पायजे? शिडं लावायचीत पिंपाला?

केसर : आमच्या मास्तरांनी वर्गात दिवा लावला आणि त्यावर काचेचा पेला पालथा घातला. दिवा मिणमिणला आणि विझला. तेल होतं, वात होती, तरी विझला. का? तर वारा संपला. तसं आहे हे. माडीचा शिरका व्हायला वारा लागतो. तुकारामकाकांनी होडी बुजवावी तशी पिंपं बुजवली. होडीला ते बरं. पिंपाला नाही.

हरेश्वर : मास्तरानं शिरक्याचं सांगितलं?

केसर : मास्तरांनी दिव्याचं सांगितलं. शिरक्याचं मी ताडलं.

हरेश्वर : सातवीत गेल्यापास्नं तू लय ताडायला लागलीस, बाय. आन् मी? पंधरा पावसाळ्यांचा हुतो तवापास्नं माडावर चढतोय.

केसर : माडावरचं तुमच्याइतकं कोणालाच कळत नाही. हे माडाखालचं आहे. या ना जरा न्हाणीमागं.

हरेश्वर : न्हाणीमागं काय?

केसर : तुम्ही ओठ फुटले म्हणून फेकलेली मडकी. मी मांडून ठेवलीत.

हरेश्वर : ती? मला वाटलं तू चिंच भिजवलीस.

केसर : रोज मडक्यांच्या तळाला उरलेली माडी तुम्ही आळ्यात ओतता ना, ती मी दिवाळीपासून ह्यांत ओतत गेले. वर माझ्या जुन्या परकराचं फडकं बांधलं. माशी जाऊ नये, वारा जावा. हं, आता बघा.

हरेश्वर : अगं, बुरशी धरली की सगळ्यावर. शी. हो बाजूला, वततो.

केसर : हात लावलात तर मी आज जेवणार नाही. उद्याही नाही.

हरेश्वर : कातड्यासारखं जाड हाय ते.

केसर : साय आहे ती. कोर्लईची जुझेबाय माहीत आहे ना? तिची लेक इनास माझ्या बाकावर बसते. ती माणसं मासे शिरक्यात मुरवतात, घरचाच शिरका. मी डबा खायला तिच्याकडे गेले होते, तर जुझेबायच्या बरणीत अशीच साय. म्हटलं, ही फेकत नाही? ती म्हणाली, पोरी, शिरका मी करत नाही, ही करते. तिच्या सासूच्या सासूपासून तीच साय चालत आली आहे. मग मी डब्याच्या झाकणात एवढीशी मागून आणली.

हरेश्वर : म्हंजे त्या दिवशी तुझ्या दप्तराला वास येत हुता तो...

केसर : तोच. तुम्ही म्हणालात भाजी नासली. आता साय कडेला सारते, आणि बोट बुडवून चाटा.

हरेश्वर : मला काय झालं तर आत्याला काय सांगशील?

केसर : सांगेन, शिरका झाला.

हरेश्वर : थांब. आं... आई गं. पाणी. पाणी दे.

केसर : आंबट आहे?

हरेश्वर : डोळ्यातनं पाणी आलं. दात आंबलं सगळं. केसर, अगं, हा शिरका हाय.

केसर : मग मी इतका वेळ काय म्हणतेय?

हरेश्वर : त्या पिंपात न्हाय झाला, आन् फुटक्या मडक्यात झाला.

केसर : फुटका ओठ होता म्हणूनच झाला. धड असतं तर तुम्ही तेही तुकारामकाकांकडे पाठवलं असतं.

(वाडीच्या फाटकाशी टांगा थांबतो. होरमसजी शेठ उतरतात. बगलेत छत्री, हातात लहान पेटी.)

होरमसजी : हरेश्वर, मी तुला पहिलंच सांगतो, चहा नको, शहाळं नको. मला फक्त पिंप पाहिजे.

हरेश्वर : बसा तरी, शेठ.

होरमसजी : बसून काय? मागच्या वेळी धक्क्यावर तो आबकारीचा साहेब पिंपात काठी घालते, वास घेते न् मला विचारते, शेठ, हा लोणच्याचा शिरका की लग्नाची माडी? सगळी खलाशी लोक हसली. माझा कारखाना तीस वरस जुना आहे बाबा. कोणी असा हसला नव्हता.

हरेश्वर : चूक झाली, शेठ.

होरमसजी : चूक मी केली. मला आसपासचे समदे सांगतात, होरमसजी, विलायतचा अर्क घे. बोटीतून काचेच्या बाटल्यात येते, पाणी घाल, झाला शिरका. दर खेपेला तोच. स्वस्त पण. मी म्हटलं, नाही, गिऱ्हाईक आता स्वदेशी मागते, एडनला, झांजिबारला आपली माणसं लोणचं मागवते, तर आपल्या माडाचा शिरका घालू. तर तुझा शिरका एकदा शिरका, एकदा माडी, एकदा गटाराचा पाणी.

केसर : शेठजी, हे चाखून बघा.

होरमसजी : ही कोण?

हरेश्वर : माझी पोर. केसर. सातवीला हाय.

होरमसजी : सातवीला असली तरी माडी ती माडी, दिकरी.

केसर : नुसता वास घ्या. आवडला नाही तर पिंपं मी स्वतः टांग्यात चढवते.

होरमसजी : दे. ... हं. ... हरेश्वर, हा कुठून आणला?

हरेश्वर : घरचा हाय.

होरमसजी : मला खुळा समजू नको. एवढा स्वच्छ, एवढा झणझणीत? तुझ्या पिंपात मी आत्ता येताना नाक घातलं, तिथं माडी आहे. आणि न्हाणीमागं हा? तू अलिबागच्या औषधवाल्याकडून विलायती अर्क आणला न् त्यात माडी घातली. बरोबर? मुंबईत पण लोक असंच करते.

हरेश्वर : शेठ, देवाशपथ...

होरमसजी : देवाला मध्ये आणू नको, तो दर्या बघते, शिरका नाही. मी चाललो. आणि हे आबकारीला मी सांगणार नाही, एवढीच मेहेरबानी.

केसर : शेठजी, तुमच्या पेटीत काय आहे?

होरमसजी : तुला काय करायचं?

केसर : तुम्ही पारखी आहात. पारखी माणूस विलायती अर्क बरोबर बाळगत असणार, ताडून बघायला.

होरमसजी : ... आहे. एक बाटली. पाणी घालून तयार केलेला.

केसर : मग तो द्या मला थोडा. बाबा, चूल पेटलेली आहे ना? मातीची दोन वाडगी आणा, कोरी. तवा नको, शिरका लोखंड खाऊन टाकेल.

हरेश्वर : काय करतेस?

केसर : एकात शेठजींचा, एकात आपला. दोन्ही आटवू. शेठजी, लांब उभे राहा, नाकात जाईल.

होरमसजी : गेला. साला, शिंक येते. ही पोरगी मला स्वयंपाकघरात उभा करते आणि मी उभा राहतो.

केसर : बाबा, जाळ मागं ओढा. करपायला नको. हं. शेठजींचा आटला. बघा आत.

होरमसजी : काय नाही. वाडग्याला ओल आहे, बस.

केसर : अर्कात अर्कच होता, तो उडून गेला. आता आपल्यात बघा.

हरेश्वर : काहीतरी चिकाट उरलंय. तांबूस.

केसर : वास घ्या, बाबा. तुम्हीच घ्या.

हरेश्वर : ... गुळाचा. माडाच्या गुळाचा. शेठ, ह्यो वास मला झोपंत पण कळंल. पोयीच्या कोवळ्या तुऱ्याला कोयती लावली की पहिल्या धारंला ह्योच वास येतो. जाग्यावरनं हलला न्हाय, शिरका झाला तरी आत ऱ्हायला.

केसर : बाटलीतल्या अर्काला माड कुठून येणार?

होरमसजी : दे इकडे. चमचा आहे? ... हं. ... हरेश्वर, तुझी पोरगी माझ्या कारखान्यात पाहिजे होती.

केसर : मी शाळेत आहे.

होरमसजी : दिसते. पण एक सांग, शाळावाली. आज झाला, उद्या नाही झाला तर? मला दर खेपेला तोच पाहिजे. विलायतवाला तिथंच मला जिंकते.

केसर : चला परत न्हाणीमागं. ही साय बघितलीत? ह्याच सायीचा तुकडा दुसऱ्या मडक्यात टाकला की तिथंही हाच शिरका. तिसऱ्यात टाकला, तरी हाच. मी सगळ्या मडक्यांत करून बघितलं. हे चाखा. आणि हे.

होरमसजी : ... तोच. ... हा पण तोच. बस, बस, माझी जीभ मला परत मुंबईला न्यायची आहे.

हरेश्वर : मंग शेठ, पिंपं?

होरमसजी : पिंपं इथंच राहू दे. हा सगळा मडक्यातला माल मी आज नेते. आबकारीच्या साहेबाच्या नाकाखाली मीच धरीन, हसून दाखव म्हणेन. आणि हरेश्वर, पिंपातली माडी?

केसर : तिला साय घालते आत्ताच. साय आणि बाटलीभर शिरका तेवढा मी काढून ठेवते. झाकणं काढते. पावसाआधी तुमच्या धक्क्यावर शिरका पोचेल.

होरमसजी : मी त्याला विचारला.

हरेश्वर : शेठ, ती म्हनते तेच माझं बी म्हननं.

होरमसजी : बरं. मग पावसाळ्यानंतरचं पण बोलून ठेवतो. तुझ्या वाडीला पुरणार नाही. शेजारच्या वाडीवाल्यांना पण सांग. नागावात कोणी आहे?

हरेश्वर : नागावला माझा साडू हाय, बाळाजी. त्याचं माड दर्याकाठाला. पण तो माझं ऐकायचा न्हाय, म्हनंल फुटक्या मडक्यात कोण माडी घालतो.

केसर : मावसोबांना मी सांगते. सायीचा तुकडा घेऊन जाते. ऐकलं नाही तर चाखायला लावते.

होरमसजी : चाखायला लाव, हां. माझ्यासारखा. टांगेवाला, चल, मडकी बांध. सांभाळून, बाबा, फुटकी आहेत, आणखी फोडू नको. साहेबजी, हरेश्वर. साहेबजी, दिकरी.

केसर : साहेबजी, शेठजी. पुढल्या खेपेला चहा घ्यावा लागेल.

हरेश्वर : गेला?

केसर : वळणावर गेला. मागं वळून बघतोय.

हरेश्वर : तुकारामला काय सांगू गं? त्याला लय वाईट वाटंल. जीव लावून बुजवलीत गं पिंपं.

केसर : सांगा, तुझं काम इतकं चोख झालं की वाऱ्यालासुद्धा वाट सापडली नाही. खूश होतील.

हरेश्वर : खरं बी हाय. ... हे झाकण हलंना. सकाळी वास घेऊन परत दाबलं, तर राळ धरून बसलीय.

केसर : कडेनं कोयती घाला. हं, सुटलं. आता साय. हळू सोडा, बुडवू नका, वर तरंगू दे.

हरेश्वर : एवढीशी पुरंल एवढ्या पिंपाला?

केसर : जुझेबायनं मला याहून कमी दिली होती. मी शाळेतनं येताना तिला ह्या शिरक्याची बाटली नेऊन देणार आहे. तिला म्हणणार आहे, तुझ्या सासूच्या सासूचा शिरका आता झांजिबारला निघाला. आणि इनासला सांगणार आहे, आणि मास्तरांना तर भर वर्गात सांगणार आहे, दिव्याचा धडा पुन्हा घ्या म्हणून, आणि मावसोबांकडे जाताना...

हरेश्वर : आता वर झाकण?

केसर : झाकण नको, बाबा. फडकं बांधा. सैल.

हरेश्वर : म्हंजे त्याला श्वास घ्यायला मिळंल.

केसर : हो.

हरेश्वर : बरं. बांधतो. तू बी घे जरा, सकाळधरनं बोलतीयास.