बोटभर माया

देवासच्या दवाखान्यात मी लेकीला देवी टोचायला रांगेत बसले होते. ती मांडीवर निजली होती. पुढे दोघी जावा चौकोनी तुकडे जोडून दुपटं शिवत होत्या.

"मैना, तुझी ओळ माझ्या ओळीपेक्षा आखूड का गं?"

"शिवणीला बोटभर माया सोड म्हणालात, सोडली."

"कुठलं बोट धरलंस?"

"अंगठा."

"अगोबाई! मी करंगळी धरली. अंगठ्यानं कुणी नापतं का?"

"करंगळीनं तरी कोण नापतं, जाऊबाई?"

"उद्या धारला निघायचंय. वन्संच्या बाळाच्या बारशात त्या हे वाकडं दुपटं साऱ्या आळीला दाखवतील!"

"मग उसवा तुमच्या ओळी."

"थोरली मी. तू उसव."

"माझ्या तर सीध्या आहेत!"

"अहो बाई, तुम्हीच सांगा. नको, सांगू नका. नुसतं बोट दाखवा."

मी लेकीच्या मानेखालून हळूच हात काढला नि तर्जनी पुढे केली.

"बघ, ना जाड, ना बारीक."

"हे मला पसंत आहे, जाऊबाई."

"मग दोघीही उसवू. बाई, टोचून झालं की तुम्ही आमच्याकडेच चला. अजून वीस तुकडे जोडायचे आहेत, बोट लागेल आम्हाला."