टेबलावरचा ठेका

रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीपुढे रांग होती. माझ्यापुढे दोघी नणंद-भावजय उभ्या होत्या.

“वहिनी, गोळ्यांनी कुठे मेंदू भरून येतो का?”

“डॉक्टरही म्हणाले, खात्री नाही. झटक्यानंतर मेंदू नव्या वाटा शोधतो, गोळी नुसती साथीला. चालायचं यांनाच.”

“मग दादाचा लुळा हात हलला का जरा तरी?”

“आज सकाळी चहा टाकला होता. मागून टकटक, टकटक.”

“अय्या! चहाला उशीर झाला की दादा टेबलावर भजनाचा ठेका धरायचा, तसं?”

“तसंच. लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. सवयीने ओरडले, ‘पुरे हो, डोकं उठलं!’”

“अगं बाई! आणि?”

“ठेका थांबला. मग माझ्या ध्यानात आलं. गॅस तसाच सोडून धावले. तीच दोन बोटं, वन्सं, लुळ्या उजव्या हाताची!”

“मग पुन्हा वाजवायला सांगायचं ना!”

“हात जोडले, चहात साखरसुद्धा जास्त घातली. ऐकतील तर शपथ.”

“का? दमला?”

“दमतायत कसले! रुसलेत. तोंड भिंतीकडे. अगदी पूर्वीसारखे.”