तीनदा अडकणारं गाणं

देवाशप्पथ सांगतो, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे! ...म्हणजे एक गोष्ट सोडून. ती कोणती ते शेवटी सांगेन, मधे विचारायचं नाही, आधीच माझं डोकं फिरलंय. परवा एकजण मला विचारतो, "मामा, यंदाचं तुमचं आवडतं गाणं कोणतं?" यंदाचं! अरे, यंदा दुष्काळात लग्नं कुठं झाली, की गाणं आवडावं? गाणं आवडायचं ते दोन वर्षांमागं, एकाहत्तर साली. तिसरा नंबर पिठाच्या गिरणीवर लागायच्या भजनाचा, दुसरा एका गाण्याचा की जे वाऱ्यामुळं आम्हाला कायम अर्धंच ऐकू आलं, आणि पहिला नंबर, तुम्हाला सांगतो, आमच्याच गाण्याचा!

आमच्याच म्हणजे छगनच्या रेकॉर्डवरच्या. छगन आमच्या गावचा स्पीकरवाला. एक फोनो, दोन कर्णे आणि सात रेकॉर्डी, एवढ्या बळावर श्रीगोंद्यापासून कर्जतपर्यंतची लग्नं एकटा वाजवायचा. त्यातल्या या गाण्याच्या रेकॉर्डवरून, लग्नसराईच्या तोंडावरच, छगनची तांबडी कोंबडी चालत गेली. चालली ती चालली, नखं रोवून चालली! झालं, तेव्हापासून कडव्याच्या मध्यावर पिन अडकायची. एकदा, दोनदा, तीनदा तेच... मग छगन विडी डाव्या हातात घेऊन उजव्यानं खोक्यावर हाणायचा, ठक! की गाणं पुढं.

आता चार महिने हळदीला तेच, वरातीला तेच, बारशाला तेच. गावाला वाटलं गाणं असंच आहे! बाया जात्यावर म्हणायच्या, तीनदा अडकायच्या आणि खुंट्यावर ठक. वरातीत पोरं तिथं तीन उड्या मारायची. शेजारच्या गोजरबाईची म्हैस तर ठक केल्याशिवाय पान्हा सोडीना... हसू नका, मी धार काढताना उभा होतो! पहिला नंबर आमच्याच गाण्याचा, माणसांतही आणि जनावरांतही.

आणि नेमकं वर्षाच्या शेवटच्या दिवशी काय व्हावं? गावात रेडिओ माझा एकट्याचा. सांजेला वर्षाची आवडती गाणी लागणार, म्हणून अख्खं गाव माझ्या अंगणात. आणि त्याच सांजेला कर्जतहून सहादेव पाटील आले, आमच्या गोरक्षनाथाला मुलगी द्यायची म्हणून घर बघायला! आधी तीन स्थळं मोडलेली, का, तर मुलाचा बाप थापाड्या आहे म्हणून. बाप म्हणजे मीच! आमच्या मंडळींनी, म्हणजे गोरक्षनाथाच्या आईनं, सकाळीच बजावलेलं, "आज त्वांड उघडायचं न्हाई. इचारलं तर मान हालवायची." मी मान हलवली.

चहा झाला, विहीर दाखवली, रेडिओ लावला. आणि काय सांगू, रेडिओवरही पहिला नंबर आमच्याच गाण्याचा! पोरं उठली, कमरा बांधल्या, ती जागा आली... आणि गाणं सरळ पुढं निघून गेलं. अडकलंच नाही! पोरं एकावर एक पडली.

गोजरबाई म्हणाली, "आगं बया! ह्या बाईला कुठली येस्टी गाठायचीय? मदलं सगळं गाळलं की!"

छगन म्हणाला, "मामा, तुमचा रेडू बिघाडलाय."

"बिघाडलाय कसला," गोजरबाई म्हणाली, "जुनाच आनून नवा म्हनून सांगितलाय!"

सहादेव पाटलांनी कपबशी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं, मग विहिरीकडं बघितलं. म्हणजे रेडिओ असला, तर विहीर कसली! आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? रेडिओ बरोबर आहे म्हणावं, तर गाव म्हणणार थापा मारतो. बिघडलाय म्हणावं, तर पाटील म्हणणार जुना माल खपवतो. गोरक्षनाथ दाराआडून हात जोडतोय, मंडळी डोळे वटारतायत... मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते माझं मलाच कळलं नाही.

तेवढ्यात पाटील उठले, रेडिओपाशी गेले, कान लावला आणि म्हणाले, "व्हय हो, बिघाडच हाय. आमच्या थोरलीच्या लग्नात मी सोता ऐकलंय, तीनदा येतंय तितं!" आणि वरून दिली रेडिओला एक, ठक! मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बिघाड हाय तर हाय म्हनून मान हालवली तुमी. लोक तुमाला उगंच थापाडे म्हनत्यात. सोयरीक पक्की! पर लगनात गानं छगनच्या रेकाडावरचंच पायजे, ह्या रेडूचं नगं."

झालं लग्न. वरातीत पाटील स्वतः तीन उड्या मारून गेले. सून गुणाची आहे. फक्त आता रेडिओवर ते गाणं लागलं की तीही उठून त्याला ठक करते, आणि रेडिओ खरोखरच बिघडत चाललाय.

हां, ती एक गोष्ट. कोंबडीची. कोंबडी रेकॉर्डवरून चाललीच नव्हती. छगन आंघोळीला गेला होता, मी ओट्यावर काकवी-भाकरी खात राखणीला बसलो होतो, काकवी सांडली रेकॉर्डवर, ती मी अडकित्त्यानं खरवडली आणि नाव कोंबडीचं सांगितलं. तेवढंच खोटं. बाकी सगळं खरं. छगननं त्याच संध्याकाळी तिचा रस्सा केला, मला मुद्दाम जेवायला बोलावलं, आणि तुम्हाला सांगतो... मी दोनदा मागून घेतला.