मास्तरांची सही आणि आठल्यांची

मंडळी,

एरवी माझ्या हातातून माईक काढून घ्यावा लागतो. आज अध्यक्ष दोनदा म्हणाले, "नाना, उठा." आणि मी खुर्चीतच बसून राहिलो.

अहमदीहून, फरवानियाहून, ड्युट्या बदलून तुम्ही आलात. मुकुंद आठल्ये गेले. उभी हयात या आखाती देशात रक्ताच्या नळ्या तपासणारा लॅब टेक्निशियन. परवा वहिनी त्यांना घेऊन विमानाने गावी गेल्या. जाताना माझ्या हातात एक पाकीट दिलं. म्हणाल्या, "हे शोकसभेत वाचा, असं सांगून गेलेत. आणि भाऊजी, सगळं वाचा. तुम्ही तुम्हाला हवं तेवढंच वाचता."

पाकिटात एकच पान आहे. त्या पानाने मला पार गोंधळात टाकलंय. पण ते पान कळायला आधी मास्तर कळले पाहिजेत.

मास्तर! आठल्यांच्या घरी चहा प्यायलेल्या प्रत्येकाला मास्तर ठाऊक आहेत. नव्या लोकांसाठी सांगतो. चारशे वर्षांपूर्वीचा जर्मनीतला एक प्रोटेस्टंट प्राध्यापक. नाव योहान. आठल्यांना तो कुठल्याशा ग्रंथालयाच्या जुन्या कागदांत सापडला, आणि मग लॅबमधून सुटल्यावर हा माणूस त्याचं चरित्र लिहीत बसायचा. मी विचारलं, "अहो, तुमचा त्याचा संबंध काय?" म्हणाले, "काही नाही. म्हणून तर बरं वाटतं."

विणकराचा मुलगा. लोकांच्या दारात स्तोत्रं म्हणून भाकरी मिळवली आणि शाळा शिकला. विद्यापीठात लॅटिन, ग्रीक, हिब्रू. मग अरबी, तीही एका हस्तलिखितावरून, एकट्याने. आठल्ये हसायचे. "नाना, त्यांना जन्मात एक अरब भेटला नाही, मला रोज पन्नास भेटतात. तरी व्याकरण त्यांचंच पक्कं!" घरात विद्यार्थी ठेवायचे, बायको साऱ्यांना वाढायची. प्लेगमध्ये दोन मुलं गेली. पुढच्या सोमवारी मास्तर वर्गावर हजर. हे सांगताना आठल्ये चष्मा पुसायचे.

मग राजा बदलला. नवाही प्रोटेस्टंटच, पण दुसऱ्या पंथाचा. चर्चमधल्या प्रसादाच्या भाकरीत आणि द्राक्षरसात देव नेमका कसा असतो, यावरून भांडण. हसू नका! आपण याहून लहान गोष्टींवरून मंडळं फोडली आहेत. हुकूम निघाला. प्रत्येक प्राध्यापकाने नव्या मताच्या कागदावर सही करायची, नाहीतर गाव सोडायचं. मास्तरांचा जिवलग मित्र हिब्रू शिकवायचा. त्याने सही केली नाही. बायको, मुलं आणि पुस्तकं गाडीत घालून तो वेशीबाहेर गेला. मास्तरांनी सही केली. मित्राची जागा त्यांना मिळाली. वीस वर्षं त्यांनी ती सांभाळली.

तिथे एक रीत होती. माणूस मरण्याआधी स्वतःचं आयुष्य स्वतः लिहून ठेवायचा. धर्मोपदेशक ते अंत्यविधीला वाचायचा, मग ते छापलं जायचं. मास्तरांनी लिहिलं होतं, "मी सही केली. मित्र गेला. मी त्याच्या खुर्चीवर बसलो." छापील प्रतीत ही ओळ नाही! हाताने लिहिलेला कागद मात्र टिकला. आठल्यांनी दोन्ही कागद संगणकावर शेजारी शेजारी लावून मला दाखवले. विचारलं, "नाना, ही ओळ कोणी गाळली असेल?"

मी म्हणालो, "ज्याचं मास्तरांवर प्रेम होतं त्याने."

ते म्हणाले, "की ज्याने मास्तरांबद्दल आधीच काही सांगून ठेवलं होतं, त्याने?"

मी जिलेबीचा दुसरा तुकडा उचलला. मला काही कळलं नाही.

आता आपल्या गोष्टीकडे येतो. ती तुम्हाला पाठ आहे, कारण मीच ती या व्यासपीठावरून किती वेळा सांगितली! आठल्यांच्या क्लिनिकमध्ये दोन रुग्णांचे नमुने बदलले गेले. दोष टाकला दत्तारामवर. मालवणकडचा साधा मदतनीस, नळ्या या खोलीतून त्या खोलीत नेणारा. लॅबमधल्या सगळ्यांसमोर एक कागद ठेवला. 'आम्ही दत्तारामला चूक करताना पाहिलं.' कोणीच पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी सह्या केल्या. दत्तारामचा इकामा, इथे राहायचा परवाना, रद्द झाला, तो गावी गेला. आणि मी गर्जून सांगायचो, "एका माणसाने सही केली नाही! त्याच आठवड्यात त्याने ती नोकरी सोडली! तो माणूस इथे बसला आहे!" तुम्ही टाळ्या वाजवायचात. आठल्ये दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसायचे. पहिल्याच वेळी, भाषणानंतर, जवळ येऊन म्हणाले होते, "नाना, चांगलं बोललात, पण…" मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "पण-बिण काही नाही! विनय पुरे!"

मंडळी, हे पान वाचतो.

"माझा जन्म देवरुखचा. शिक्षण पुण्यात. पत्नीने मला सांभाळलं. मी रक्त तपासलं आणि एका प्राध्यापकाचं चरित्र अर्धं लिहिलं. दत्तारामविरुद्धच्या कागदावर मी सही केली. नोकरी मी नंतर सोडली, सहीनंतर. नानांनी ही ओळ गाळू नये."

एवढंच आहे.

गाळावी असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू? काल संध्याकाळी पाकीट उघडलं तेव्हा गाडीतच मी ठरवूनही टाकलं होतं. मग आज सकाळी दत्तारामला गावी फोन लावला. त्याला सांगितलं, आठल्ये गेले, आणि त्यांनी असं लिहिलंय. तो म्हणाला, "माका ठावक हा. सायब त्याच दिसा माझ्या रूमवर इले. दारातच उभे रवले. म्हणाले, दत्ताराम, मी सही केली."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलंय, भितर येवा, च्याय ठेवतंय."

"माफ केलंस?"

तो म्हणाला, "ता तुमका कित्याक व्हया, नानानू?"

ते तुम्हाला कशाला हवं, असं त्याने मला विचारलं, मंडळी. आयुष्यभर मी दोन पेट्या घेऊन बोलत आलो. सही करणारे इकडे, न करणारे तिकडे. आठल्यांना कुठे ठेवू? सही केली, आणि त्याच दिवशी जाऊन त्याच्या दारात उभे राहिले. मग इतकी वर्षं माझ्या टाळ्या का सोसल्या? भीतीने? की मला वाचवायला? की मीच त्यांना कधी तोंड उघडू दिलं नाही? आणि धीट कोण, वेशीबाहेर गेलेला तो मित्र, की खुर्चीवर बसून शेवटी खरं लिहून ठेवणारे मास्तर? काल संध्याकाळपर्यंत मी याचं उत्तर ताडकन दिलं असतं. आज मला खरंच कळत नाही.

एवढं कळतं की तुम्हाला मी खोटं सांगितलं. नोकरी सोडली म्हणजे सही केली नसणार असं धरून, तो माणूस मला हवा होता तसा रंगवून सांगितला. त्या टाळ्या मी परत घेतो. माणूस नाही. माणूस माझा मित्रच आहे.

आता उभे राहू या. त्या दिवशी त्यांचं 'पण' मी पुरं होऊ दिलं नाही. आज ते बोलतील तेवढा वेळ मी गप्प राहतो. तुम्हीही राहा.